दोन पानं एकदम

आमच्या वस्तीत वाचणारीला बिड्या वळाव्या लागत नसत. हा रिवाज कुणी पाडला ते मला ठाऊक नाही, माझ्या जन्माआधीपासून तो होता. चंद्रभागा मावशीच्या घरापुढे पत्र्याची लांब पडवी होती. सकाळचं पाणी, भाकरी, धुणं उरकलं की गल्लीतल्या दहा-बारा बाया आपापलं सूप घेऊन तिथे येत. सुपात एका अंगाला ओली करून कापलेली टेंभुर्णीची पानं, दुसऱ्या अंगाला तंबाखूचा चुरा, मांडीखाली दोऱ्याचं रीळ. हात गुंतलेले आणि कान रिकामे. तेव्हा जिला अक्षर येतं तिने मोठ्याने वाचायचं, आणि उठताना प्रत्येकीने आपल्या बिड्यांतली एक मूठ तिच्या सुपात टाकायची, असं ठरलेलं होतं. म्हणजे वाचणारीचाही दिवस भरायचा आणि बाकीच्यांचाही निघायचा.

मी सातवीत असताना ही गादी माझ्याकडे आली. त्यात माझी हुशारी फारशी नव्हती. माझ्या हातच्या बिड्या मधे फुगायच्या आणि टोकाला सुटायच्या. कारखान्यात त्या बाजूला काढून टाकत. चंद्रभागा मावशी एक बिडी उचलून सगळ्यांना दाखवायची आणि म्हणायची, "सुमे, ही बिडी हे का करंजी? तू आपली वाच बाई. तुझ्या नादानं आमचा माल बी परत यायचा." मग मी वाचायची. आदल्या दिवशीचा पेपर, वाचनालयातल्या खुनाच्या गोष्टी, आणि बंगल्यात राहणाऱ्या नायिकांच्या कादंबऱ्या. त्या नायिका फार रडत. आमच्या बायांना त्या अजिबात पटत नसत. "दोन माणसांचा सैपाक, त्याला बी गडी ठेवलाय, आणि ही रडती कशापायी?" असं कुणीतरी विचारायचं आणि सगळ्या खोकत खोकत हसायच्या. आता माझ्या कानाला यंत्र आहे, पण तो हसण्यातून निघणारा खोकला मला जसाच्या तसा आठवतो.

आमच्या घरात सगळ्याला तंबाखूचा वास होता. पांघरुणाला, पिठाच्या डब्याला, माझ्या वह्यांना. आई रात्रीची पानं ओल्या गोणपाटात गुंडाळून चुलीपासून लांब ठेवायची आणि पहाटे कातर घेऊन बसायची, तो कच्-कच् आवाज ऐकत मी जागी व्हायची. सकाळी बाजरीची भाकरी आणि मिरचीचा ठेचा, दुपारी मसुराचं पातळ कालवण, आणि आबा घरी असले तर वाळलेल्या बोंबलाची चटणी. आबा रेल्वेत गँगमन. लाइनीवर उन्हात उभं राहून ते काळेठिक्कर पडले होते, पण त्यांच्याही वरताण काळी होती माझी थोरली बहीण, विमलताई. उंच, सडसडीत, आणि बोलायला लागली की समोरच्याला पाणी प्यायला उसंत देणार नाही अशी. जयंतीला विहारात बायांची गाणी व्हायची, तेव्हा पहिली ओळ टाकायला मावशी आणि ताई, बाकीच्या मागून झेलायला. मला गळा नाही, मी टाळ्या वाजवायची.

तिचं लग्न विंचूरला झालं होतं. दाजी कांद्याच्या मार्केटात हमाली करायचे. तिला पहिली मुलगी झाली, छबी. छबी तीन वर्षांची झाली आणि ताईला मुलगा झाला. तो पाचव्या दिवशी गेला. आम्हाला निरोप आला तोवर सगळं होऊन गेलं होतं. महिनाभराने ताईचा दीर तिला एसटीतून घेऊन आला, पत्र्याची पेटी आमच्या दारात ठेवली आणि चहासुद्धा न घेता परतला. छबीला त्यांनी ठेवून घेतलं होतं. सासू म्हणाली होती म्हणे, की हिचा रंग काळा आणि पाय पांढरे, हिच्या हाताखाली पोरगी वाढवायची नाही.

ताई आली आणि एक शब्द बोलली नाही. पहिल्या दिवशी वाटलं दमली असेल. आठ दिवस गेले, पंधरा गेले. आईने सरकारी दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी घशात बॅटरी मारून बघितलं आणि म्हणाले, घसा चांगला आहे. एका चुलतीने कुठल्याशा देवऋष्याचं नाव सुचवलं, तिला आबांनी दारातूनच वाटेला लावलं. ताई सगळी कामं करायची. पाणी भरायची, भाकरी थापायची, पडवीत आईशेजारी बसून भराभरा बिड्या वळायची, माझ्या दुप्पट-चौपट. फक्त हाक मारली तर बघायची आणि बघून झालं की खाली बघायची. मला तिचा राग यायचा. खोटं कशाला बोलू, सतरा वर्षांची होते, मला माझी बडबडी बहीण परत हवी होती आणि ती मुद्दाम देत नाही असं वाटायचं.

त्यातच विंचूरहून निरोप आला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी चार जाणती माणसं घेऊन ते येणार होते. बाई वेडी झाली आहे, तेव्हा फारकत करून टाकू, मुलगी आमच्याकडे राहील, असा त्यांचा मजकूर.  आबा आईला म्हणाले, "तिनं नुसतं म्हणावं, माझी पोरगी मला द्या. चार माणसांत तिच्या तोंडून आलं तर कोण नाय म्हणतो ते मी बघतो. पण तिच्याच तोंडून आलं पायजे. मी बोललो तर ते म्हणतील, बाप बोलतोय, म्हंजे बाई वेडीच हे." आईने पदराने डोळे पुसले आणि ताईकडे बघितलं. ताई पानं कापत होती.

मी त्या वर्षी कॉलेजात जायला लागले होते. आमच्या मराठीच्या मॅडमना माझ्या वह्यांच्या वासावरून माझं घर कळलं होतं. मला त्याची लाज वाटायची, त्यांना वाटत नसावी. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी त्यांनी मला एक जाड पुस्तक दिलं. अमेरिकेतल्या एका काळ्या बाईने स्वतःचं आयुष्य लिहिलं होतं, त्याचं मराठी भाषांतर. त्यांना म्हणे मी पडवीत वाचते हे कुणीतरी सांगितलं होतं. "हे वाचून दाखव तुमच्याकडे. त्या काय म्हणतात ते मला सांग," एवढंच म्हणाल्या. त्या बाईचं नाव मी इथे लिहीत नाही. आमच्या पडवीत ते कुणाला म्हणताच आलं नाही आणि दुसऱ्याच दिवशी मावशीने तिचं नाव द्रौपदा ठेवलं. माझ्याही मनात ती द्रौपदाच राहिली. ते पुस्तक मी मॅडमना परत केलं, आणि पुढे पुष्कळ शोधूनही मला ते कुठे मिळालं नाही.

सुरुवातीला बाया कुरकुरल्या. मागच्या खुनाचा उलगडा राहिला होता. "त्या अमेरिकेचं आपल्याला काय करायचं?" असं दोघी-तिघींनी विचारलं. मी तशीच वाचत राहिले. तिसऱ्या की चौथ्या दिवशी द्रौपदा बारा वर्षांची झाली आणि कामाला लागली. कसलं काम, तर तंबाखूचं. मोठ्या शेडमध्ये काळ्या बाया ओळीने बसत आणि तंबाखूच्या पानाची मधली शीर ओढून काढत. डोळे चुरचुरत, रात्री अंगाचा वास जात नसे, पहिल्या दिवशी तिला भडभडून उलटी झाली.  हे ऐकून माझी आई म्हणाली, "मला बी झाली होती. पयल्या दिवशी." आणि मग सगळ्यांनाच आपापली उलटी आठवली. कुणी कुणाच्या अंगावर केली, कुणाच्या सासूने त्यावर काय ऐकवलं, त्यातच दुपार गेली. त्या दिवसापासून खुनाची गोष्ट कुणी मागितली नाही.

पुस्तकाशी बोलायची त्यांना सवयच होती, पण द्रौपदाशी त्या नात्यातल्यासारख्या बोलायच्या. तिला शाळेतल्या एका पोरीने रंगावरून हिणवलं तेव्हा मावशीने त्या पोरीचा असा उद्धार केला की मला पुढचं वाक्य वाचायला पाच मिनिटं थांबावं लागलं. एका पानावर लिहिलं होतं की त्या शेडमध्ये बाया काम करताना गातात. एक जण ओळ टाकते आणि बाकीच्या तिला उत्तर देतात. मुकादम बोलू देत नाही, पण गाण्याला अडवत नाही, कारण गाण्याने हात भरभर चालतात. तेव्हा एक जण म्हणाली, "मग ह्यात लिहिण्यासारखं काय? आपण काय करतो?" मावशी तिच्यावर खेकसली. "आपलं कुणी लिहिलंय का? तिनं लिहिलं म्हणून कळलं, आपल्यासारखं आणखी कोण हे ते." आणि लगेच जयंतीच्या एका चालीवर तिने द्रौपदाची ओळ जुळवून टाकली, बाकीच्यांनी झेलली. ताईचे हात तेव्हा किंचित मंदावले, हे मी पाहिलं होतं. तिचे ओठ मात्र हलले नाहीत.

मी घरी एक-दोन प्रकरणं पुढे वाचून ठेवायची, म्हणजे मोठ्याने वाचताना अडखळायला नको. एका सकाळी, आई पाण्याला गेली असताना, मी पुढचं प्रकरण उघडलं. आदल्या दिवशी मी वाचलं होतं की द्रौपदाला सातवा महिना लागला, आणि पडवीत सगळ्या तिला काय खावंसं वाटत असेल याच्यावर वाद घालत बसल्या होत्या. या प्रकरणात ती बाळंत झाली, मुलगा झाला, आणि अकराव्या दिवशी तो गेला. दोन पानं होती ती. मी वाचली आणि पुस्तक मिटलं. हे ताईपुढे कसं वाचायचं? मी ठरवलं, वाचायचं नाही. ती दोन पानं एकदम उलटायची. कुणाला कळणार आहे?

दुपारी मी तसंच केलं. सातव्या महिन्यावरून एकदम दुसऱ्या गावातल्या नोकरीवर गेले. पण बायांना मोजदाद असते. मावशीची कातर थांबली. "ए, थांब. काल तिला सातवा होता. बाळंत कधी झाली?" मी म्हटलं, "झाली." "काय झालं?" सगळ्यांनी वर बघितलं, ताईनेही. माझ्या तोंडून निघून गेलं, "मुलगा. चांगला आहे. आजीकडे ठेवलाय."

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं झालं असतं. एकदा खोटं पोर जन्माला घातलं की त्याला वाढवावं लागतं. दुसऱ्या दिवशी विचारणा झाली, पोर कसं आहे? मी पुस्तकात बघत बघत म्हणाले, मान धरायला लागलं. तिसऱ्या दिवशी त्याला आजीने माळ घातली. मी वाक्यं अशी रचायची की ती छापलेली वाटावीत. मला ते जमत होतं आणि, खरं सांगते, आवडतही होतं. बाया त्याच्यावर जीव टाकत होत्या. मला वाटायचं, मी ताईला जपते आहे. चौथ्या दिवशी आमची एक शेजारीण म्हणाली, "त्याचं बारसं राहिलं की." आणि मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी पाळणा धरला.

आमच्याकडचा पाळणा दिवसादिवसाने चढतो. पहिल्या दिवशी काय झालं, दुसऱ्या दिवशी काय झालं, असा. मावशीने सुरू केला,

"पहिल्या दिवशी द्रौपदाच्या घरी,
तंबाखूच्या गोणीची केली पायरी,
जो बाळा जो जो रे जो."

बाया हसत झेलत होत्या. दुसरा दिवस झाला. तिसऱ्या दिवशी सगळ्या काळ्या बाया ओळीने आल्या आणि काजळाची गरज नाही म्हणाल्या, त्यावर तर एकच हशा पिकला. चौथा दिवस झाला. मावशीने "पाचव्या दिवशी" म्हटलं आणि ताई उठली. मांडीवरचं सूप तसंच कलंडलं, पानं आणि चुरा पायऱ्यांवर सांडला. ती घरात गेली आणि भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. आई मागे धावली.  पाचव्या दिवसाचं कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या संध्याकाळी ताई जेवली नाही, दुसऱ्या सकाळी पाणी भरायलाही उठली नाही. रविवार आठ दिवसांवर आला होता.

त्याच दुपारी मी पडवीत गेले आणि पुस्तक न उघडता म्हणाले, "ते पोर मेलंय. अकराव्या दिवशी. मी खोटं वाचलं." दोनदा सांगावं लागलं.  मग मावशीने हातातली कातर खाली ठेवली. "म्हंजे आम्ही मेलेल्या पोराचा पाळणा म्हणलो?"

"ताईला त्रास होईल म्हणून..."

"तिचं पोर गेलं ते तिला ठाऊक नाय व्हय? मग तू कुणापासून लपवलंस?" ती ओरडत नव्हती, ओरडली असती तर सोपं गेलं असतं. "आम्हाला अक्षर येत नाय, सुमे. तू वाचशील तेच आमच्यासाठी लिहिलेलं. तुला वाटलं, ह्या अडाणी बायांना काय कळतंय, देऊ ठोकून. तसंच ना?"

मी नाही म्हणाले, पण तसंच होतं. माझं कॉलेज, माझं पुस्तक, आणि कुणी काय सोसू शकतं हे ठरवणारी मी. पुढे मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलांना जड जाईल म्हणून एखादा धडा गाळावा असं कधी मनात आलं, की मला ती पडवी आठवायची आणि मी धडा घ्यायची.

मावशी उठली, आमच्या घरात गेली, आणि मला तिचं बोलणं बाहेरपर्यंत ऐकू आलं. "विमल, ऊठ. सुमीनं खोटं वाचलं. ते पोर जगलं नाय. आज खरं वाचणार हे. तुला ऐकायचं तर ये, नसल ऐकायचं तर इथं पड, कोण काय म्हणणार नाय."  मग ताई आली. केस विस्कटलेले, डोळे जागरणाने तांबारलेले. तिने तिचं सूप घेतलं नाही, नुसतीच आईला टेकून बसली. मी ती दोन पानं उघडली.

त्यात विशेष काही नाही, असंच वाचताना वाटतं. त्यांनी पोराला एका लाकडी खोक्यात घालून पुरलं. तिसऱ्या दिवशी द्रौपदा कामावर गेली, न जाऊन चालणार नव्हतं. पानांच्या शिरा ओढता ओढता तिचं दूध आलं आणि पोलक्यातून खाली पानांवर गळायला लागलं. तिला ते थांबवता येईना. शेजारच्या बाईने काही न बोलता स्वतःचा एप्रन सोडला आणि तिच्या छातीवर बांधला. मग ओळीच्या टोकाच्या एका म्हातारीने विचारलं, पोराचं नाव काय होतं? पोराला नाव ठेवायच्या आत ते गेलं होतं. पण द्रौपदाच्या मनात एक नाव होतं, ते तिने सांगितलं. म्हातारीने ते नाव गाण्याच्या ओळीत घेतलं आणि सगळ्या शेडने ते परत म्हटलं. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत, जी जी ओळ टाकायची, ती ते नाव घेऊन टाकायची. इथे ती दोन पानं संपतात.

मी वाचून थांबले तेव्हा पडवीत एकही हात चालत नव्हता. माझ्या आठवणीत तसं पूर्वी कधी झालं नव्हतं. मग मावशीने कातर उचलली आणि पानाकडे बघत, जणू मीठ मागावं इतक्या साधेपणाने विचारलं, "विमल, तुझ्याचं काय ठेवणार होतीस?"

आई पटकन म्हणाली, "अगं बारसंच कुठं झालं, तोवर..."

"तू गप. तुला नाय विचारलं."

आम्ही वाट बघत राहिलो. समोरच्या नळावर कुणाची तरी घागर भरून वाहत होती, ती वाहू दिली. ताईने दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. मग घोगऱ्या, पुरुषासारख्या आवाजात ती म्हणाली, "राहुल."

मावशीने मान हलवली आणि ओळ टाकली. ती ओळ मी इथे लिहून ठेवणार नाही, ती ताईची आहे. बाकीच्यांनी ती परत म्हटली. मग दुसरीने टाकली. त्या एकापाठोपाठ एक म्हणत राहिल्या, हात पुन्हा चालायला लागले, आणि ताई आईच्या मांडीवर डोकं ठेवून मोठ्याने, गल्लीला ऐकू जाईल अशी रडली. इथे आल्यापासून दीड महिन्यात ती रडलीसुद्धा नव्हती हे मला तेव्हा कळलं. मला आनंद झाला असं वाटेल तुम्हाला, पण मला लाजच वाटत होती. त्या दिवशी माझ्या सुपात कुणी मूठ टाकली नाही, आणि मी करंज्या वळत बसले.

त्यानंतर ताई बोलायला लागली असं म्हणता येणार नाही. दिवसाला तीन-चार शब्द. पाणी. नको. हो. रविवार जवळ येत होता आणि माझा धीर सुटत चालला होता. मी तिला गाठून म्हणायची, "ताई, म्हण बरं, माझी पोरगी मला द्या. एवढंच म्हणायचंय." ती माझ्याकडे बघायची. मावशीने एकदा हे ऐकलं आणि मला बाजूला घेतलं. "तिला पढवू नको. तू वाचायचं काम केलंस, आता बास."

रविवारी विहाराच्या आवारात सतरंजी अंथरली. विंचूरहून दाजी, दीर, सासू आणि चार माणसं आली. त्यांच्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्याला नाना म्हणत. त्यांनी सगळ्यांना जयभीम केला आणि पाणी मागितलं, माणूस वाईट नव्हता. आबा त्यांच्यासमोर, आबांच्या बाजूला ताई. मी आणि आई मागे. बोलणं सुरू व्हायच्या बेतात असताना आवाराच्या फाटकातून मावशी आली, तिच्या मागे पडवीतल्या सगळ्या, प्रत्येकीच्या कडेवर सूप. दीर म्हणाला, "बायांचं इथं काय काम?" मावशी म्हणाली, "आमचं काम सुपात हे. तुमचं चालू द्या." आणि त्या भिंतीच्या सावलीत ओळीने बसून बिड्या वळायला लागल्या.

सासूने आधी सांगितलं. सून बोलत नाही, हसत नाही, पोरीला जवळ घेत नव्हती, डोक्यावर परिणाम झाला आहे. आबा म्हणाले, तिला विचारा. नानांनी तिच्याकडे वळून, लहान मुलाला विचारावं तसं हळू विचारलं, "बाई, तुला लेकरं किती? एकच मुलगी ना?"

ताई खाली बघत होती. मी मनातल्या मनात तिच्या वतीने दहादा हो म्हणून घेतलं. दाजींनी खोकून घसा साफ केला. नानांनी पुन्हा विचारलं.

"दोन," ताई म्हणाली.

सासूने लगेच हात पसरले. "बघा. तुमच्या कानानं ऐकलं ना? मी काय खोटं सांगते? घरात एक पोरगी हे आणि ही म्हणते दोन. ह्या बाईच्या हातात पोर द्यायचं?" त्यांची माणसं एकमेकांकडे बघायला लागली. आबांची मान खाली गेली. संपलं, मला वाटलं.

ताईने मान वर केली. ती सासूकडे बघत नव्हती, दाजींकडे बघत होती. "एक राहुल. पाच दिवसांचा होता. नाल्याच्या कडेला तुम्हीच पुरलाय त्याला, मला बघू बी दिलं नाय. आणि एक छबी. ती तुमच्या घरात हे. राहुल तुम्हाला परत देता येत नाय. छबी द्या."

 पोराचं नाव दाजींनाही माहीत नव्हतं. त्यांनी ते एकदा हळूच म्हणून बघितलं, "राहुल," आणि मग चार माणसांत उपरण्याने तोंड झाकून घेतलं. सासू काहीतरी बोलायला गेली, नानांनी हात वर करून तिला थांबवलं.  मग म्हणाले, "ही बाई वेडी नाय. लेकरू आईजवळ जाऊ द्या. फारकतीचं पुढचं पुढं बघू. मंगळवारी पोरीला इथं आणून सोडतील."

"आज," ताई म्हणाली.

नाना म्हणाले, आता दुपार झाली, तुम्ही विंचूरला पोचणार कधी आणि परतणार कधी. ताई उठून उभी राहिली आणि तिने पायात चपला सरकवल्या. मावशी भिंतीजवळून उठली आणि तिने आपलं सूप आईच्या हवाली केलं. मग तिच्या शेजारची उठली, मग तिच्या शेजारची. विंचूरवरून जाणाऱ्या येवल्याच्या गाडीत त्या दिवशी आमच्या वस्तीतल्या सात बाया चढल्या, आणि कंडक्टरने कुठे जायचं विचारल्यावर सगळ्यांच्या वतीने ताई बोलली, "विंचूर. माझी पोरगी आणायची हे."